हाक एकदाच मारायची

नाही नाही, परत परत नका हाका मारू. एकदाच. एकदा मारली की तोंड बंद. मघापासून तुमचं "ये, ये रे, अरे ये ना" चाललंय, कुत्र्याला वाटतंय मालकांना गुणगुणायची सवय आहे, गुणगुणू दे. — राग नका मानू हं, मी अशीच बोलते. सगळी नोकरी शाळेत खेळाच्या बाई म्हणून गेली, मैदान दिसलं की आवाज आपोआप चढतो. बसा ना, बाकावर जागा आहे. दोरी राहू दे त्याच्या गळ्यात, फक्त हातातून सोडा, लोळू दे मातीत. पळालाच तर दोरीवर पाय ठेवायचा. पळत मागे जायचं नाही, कधीच नाही — तुम्ही मागे लागलात की त्याला वाटतं शिवाशिवी सुरू झाली. उलट आपण पाठ फिरवून दुसरीकडे पळायचं. हो, पळायचं! लोक हसतात? हसू देत. मी या वयात पळाले की या मैदानावर.

ती? ती माझी. म्हणजे — माझीच म्हणा. भिंगरी. ती काय, तारेपाशी हुंगतेय, तपकिरी, एक कान पडलेला. थांबा, दाखवते. — भिंगरी, हजर! — बघा. बघा कशी येतेय. वाटेत कावळे होते, ढुंकून तरी पाहिलं? शाबास गं माझी बाय. घे. ही उकडलेली कलेजी आहे, बारीक तुकडे करून आणते, बिस्किटांवर भागत नाही, बिस्किट काय घरी पण मिळतं. आणि आता हे नीट बघा — खाऊ दिला, पट्ट्याला हात लावला, आणि — जा, खेळ! — दिली परत सोडून. हे लोक करत नाहीत. घरी जायचं असलं की हाक, आंघोळ असली की हाक, रागवायचं असलं की हाक. मग कोण येईल हो? हाकेला गेलं की आपलं काहीतरी जातंच, हे कळतं त्यांना. उशिरा आली तरी ओरडायचं नाही. दात-ओठ आवळून हसायचं. मला हे फार जड गेलं, खोटं कशाला बोलू.

"हजर" का? अहो, "ये" हा शब्द माझ्या मुलीने पार नासवून ठेवला होता. कुत्री मूळची तिची ना — तिची आणि जावयाची. पिल्लू होती तेव्हापासून त्यांच्याकडे. दिवसभर "भिंगरी ये, भिंगरी ये", आणि ही पलंगाखाली. मग मी नवीन शब्द काढला, शाळेतलाच. आधी घरातल्या घरात, स्वयंपाकघरातून बैठकीत. मग गच्चीवर, मग इथे लांब दोरी बांधून. आमचे हे म्हणायचे, "अगं, हजेरीपट पण कर एक." करमणूक झाली त्यांची.

माझ्याकडे कशी आली? — बाळ झालं मुलीला. मुलगी झाली. आता बाळंतपणाला मीच जाणार, नाही का, आई आहे मी, हे काय विचारायचं असतं? मी शाळेतून रजा — नाही, तेव्हा निवृत्तच झाले होते — मी बॅग भरून ठेवली होती. दुपटी शिवली होती, जुन्या साड्यांची, मऊ. आणि हिचा फोन. "आई, एक काम करशील? तू भिंगरीला सांभाळ थोडे महिने. बाळाचं सासूबाई बघतायत, त्या राहायलाच आल्यात." — थोडे महिने! मी म्हटलं, बरं. दुसरं काय म्हणणार? जावई येऊन कुत्री सोडून गेला, बरोबर तिचं अंथरूण, तिचा वाडगा, आणि जाताना ती भरलेली बॅग बघून म्हणाला, "कुठे प्रवासाला निघालात का?" म्हटलं, नाही, कपाट आवरत होते.

विहीणबाई वाईट नाहीत. अजिबात नाहीत. उलट तेच तर — वाईट असत्या तर बरं झालं असतं, निदान कोणाला सांगता तरी आलं असतं. हळू बोलतात. अगदी हळू, आपल्याला पुढे वाकावं लागतं ऐकायला. फोन केला की मागून त्यांचा आवाज येतो, बाळाशी काहीतरी बोलत असतात, आणि मुलगी माझ्याशी बोलता बोलता तिकडे बघून हसते. दिसत नाही फोनवर, पण कळतं की हो. मी विचारलं, रात्री झोपतं का गं बाळ? तर म्हणे, "सासूबाईंच्या कुशीत गेली की लगेच." बरं. छान. मी दोरी घेतली आणि इथे आले, त्या दिवशी काळोख पडेपर्यंत हिला हाका मारत होते.

मग एका रविवारी सगळे आले इथे, ही किती शिकलीये ते बघायला. मीच बोलावलं होतं. विहीणबाई याच बाकावर बसल्या, मांडीवर बाळ, मुलगी शेजारी. मी पार त्या टोकाला गेले, जावयाला सांगितलं, तू हिला इथे धर आणि मी हात केला की सोड. खणखणीत हाक मारली. निघाली हो बाणासारखी — आणि अर्ध्यात वळली. थेट या बाकाकडे. विहीणबाईंनी बोलावलं नव्हतं, काही नव्हतं, नुसत्या बसल्या होत्या. ही जाऊन त्यांच्या गुडघ्यावर हनुवटी ठेवून उभी. मी तिकडे हात पसरून. मुलगी म्हणाली, "जाऊ दे गं आई, जुनी ओळख आहे तिची." आणि मी जवळ आल्यावर विहीणबाई काय म्हणाल्या सांगू? एवढ्या हळू आवाजात — "ताई, तुमच्या हाकेत थोडा राग येतो बघा. कुत्र्याला कळतं."

राग! म्हणजे माझ्या अंगाची नुसती — मी म्हटलं, हो का, बरं. आणि दोरी गुंडाळायला लागले.

तेवढ्यात त्या फाटकाखालून मांजर गेलं. ही सुटली. फाटक अर्धवट उघडं, पलीकडे रस्ता — बघताय ना, ट्रक कसे येतात वळणावरून. मुलगी ओरडली, "भिंगरी ये! ये!" जावई धावला मागे. विहीणबाईंनी पण हाक मारली, पहिल्यांदा मोठ्याने बोलताना ऐकलं मी त्यांना, चिरका आवाज आहे. ही थांबेना. रस्त्यावर पाय पडले तिचे, आणि वळणावर ट्रक. मी एकदाच म्हणाले. "भिंगरी, हजर!" एकदाच — दुसऱ्यांदा आवाज फुटलाच नसता. जागच्या जागी फिरली हो. ट्रक तिच्या शेपटीमागून गेला, आणि ही माझ्याकडे. कोणाकडे नाही, माझ्याकडे. माझ्या पायांत शिरली, थरथरत होती. मी खाली बसले मातीत, कलेजीचा सगळा डबा तिच्यासमोर उपडा केला आणि वर बघितलं — मला वाटलं मुलगी येतेय माझ्याकडे. रडत होती ना ती. पण तिने विहीणबाईंचा हात धरला होता. दोन्ही हातांनी. त्या तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, एका हातात बाळ, दुसऱ्या हाताने माझी मुलगी.

असो. धूळ गेली डोळ्यात. वारा आहे आज.

तर शिकली म्हणजे शिकली, हा मुद्दा. आणि शिकली म्हणूनच — परवा जावयाचा फोन. "आता ही इतकी ऐकते तर आम्ही घेऊन जातो हिला. बाळ पण बसायला लागलंय." कसं असतं बघा. आज सकाळी परत फोन, संध्याकाळी येतोय म्हणून. म्हणाला, ऐकते ना अजून? मी म्हटलं — आता तुम्ही परके, तुम्हाला सांगायला काय — मी म्हटलं, नाही रे बाबा, हल्ली बिघडलीये. अजिबात येत नाही बोलावलं तर. बाळाजवळ कशी ठेवणार अशी? तो म्हणाला, येऊन बघतो तरी. म्हणून सकाळपासून — नाही, शिकवलेलं मोडत नाहीये मी, तसं नका बघू. फक्त ते आले की मी तिला हाक मारणार नाही. किंवा मारेन, पण "ये" म्हणेन. "ये" ला ती येतच नाही. खोटं थोडंच आहे ते? तुम्ही मात्र मघाशी पाहिलंत ते बोलू नका. काही विचारलं तर तुम्ही आत्ताच आलात.

कुठे? — हो, तीच. पांढरी गाडी. लावतील त्या खांबाजवळ. तो जावई उतरला, ती मुलगी. बारीक झालीये ना? जेवत नसणार धड. भिंगरी, बस गं इथे, माझ्या पायाशी बस. — हाक मारतेय बघा, ऐकलंत? "आई!" — आले गं! आले, आले, थांब — माझी चप्पल —

"आई, सावकाश उतरा," म्हणाली.

उतरा.

मला ती "तू" म्हणते.

त्या उतरतायत गाडीतून. दार धरलंय तिने. तुम्ही निघा आता. हो, उद्या या, दाखवेन बाकीचं. निघा म्हटलं ना.