अस्तर

माझा जन्म इथलाच, देवास गेटच्या मागच्या गल्लीतला. वडील रेल्वेत, खानदेशातून बदली होऊन या हिंदी मुलखात आले ते इथलेच झाले, आई ब्लाउज शिवायची, तिच्याच मशीनवर मी शिकली, आणि लग्न होऊन नानाखेड्याला आली तर ती मशीनही संग घेऊन आली. आता फ्रीगंजच्या बंगल्यांतल्या बायासुद्धा माझ्याकडे येतात. अस्तराचा ब्लाउज माझ्यासारखा कोणी शिवून दाखवावा, हे मी तोंडावर सांगते.

आणि काय सांगू तुम्हाला, माझंच अस्तर पातळ निघालं. अकरा वर्षं झाली होती लग्नाला. टेस्ट ट्यूबवाल्या मॅडम सोनोग्राफी करता करता बोलल्या, बच्चेदानी का अस्तर पतला है, छह एमएम ही आया, आठ चाहिए, मला हसूच फुटलं, मी म्हटलं मॅडम, अस्तर तर माझं काम आहे, कोणतं लावू सांगा. त्या नाही हसल्या. गर्भ एकच उरला होता, आधी दोन ठेवले ते रुजले नाहीत, हा एक तिथे गोठवून ठेवलेला, आणि पातळ अस्तरावर ठेवला तर तोही जाईल म्हणून तो महिना सोडून दिला. मग अस्तर जाड व्हायला हार्मोनच्या गोळ्या वाढवल्या, दिवसातून तीनदा, डोकं दुखायचं, चिडचिड इतकी की एका बाईचं माप मी चुकवलं आणि वरून तिलाच बोलली, तुम्हीच जाड झाल्या. पण आठाच्या वर गेलं. गर्भ ठेवला. त्याच्या आधीपासूनच रोज सकाळी आठ वाजता कमरेत इंजेक्शन, तेही हार्मोनचंच, तेलासारखं घट्ट, गर्भ टिकावा म्हणून. कॉलनीतल्या नर्सदीदी येऊन लावायच्या. गर्भ ठेवल्यापासून चौदाव्या दिवशी रक्ताची तपासणी, तोपर्यंत एकही चुकवायचं नाही.

अकराव्या दिवशी सकाळी मला डाग दिसला.

हो, लालच. मला वाटलं, संपलं. आमच्या घरी अजून बाजूला बसतात, आजकाल कोण पाळतं, पण सासूबाईंचं कडक आहे, त्या दिवसांत मला शिवल्या तर लगेच आंघोळ. तर मी कोपऱ्यातली चटई घेतली, मागच्या खोलीत टाकली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. आठ वाजता दीदी आल्या तर आतूनच ओरडली, दीदी, अब मत आना, आ गया मेरा. दीदी म्हणाल्या अरे, मॅडम से पूछा क्या, मी म्हटलं पूछना क्या है, मला कळत नाही का माझं. माझा स्वभावच असा, एकदा उसवायला घेतलं की थांबत नाही.

सासूबाई दारात आल्या. डॉक्टरणीने बंद कर म्हटलं का, म्हणाल्या. मी म्हटलं आई, जवळ येऊ नका, मी बाजूला बसली आहे. त्या आल्या. दंडाला धरून उठवलं मला, सरळ दंडाला, अकरा वर्षांत पहिल्यांदा, आणि देवघरासमोरून नेऊन पलंगावर आडवी केली, फोन लावला. मॅडम फोनवर ओरडल्या, खून दिखे तो भी बंद नहीं करना, जब तक मैं न बोलूँ, अभी लगवाओ, फिर यहाँ आओ. दीदी दुसऱ्या पेशंटकडे गेल्या होत्या, आमचे हे स्कूटरवर त्यांना परत घेऊन आले. तोपर्यंत नऊ वाजले. सुई लागताना सासूबाईंनी माझा हात धरला होता.

मग ते तीन दिवस. डाग यायचा, जायचा, आणि मी त्या एका तासासाठी स्वतःला शिव्या देत पडून असायची. चौदाव्या दिवशी हे रिपोर्ट घेऊन आले, मी म्हटलं आहे की नाही तेवढं सांगा, तर नुसती मान हलवली, ती कशी हलवली तेही कळेना, शेवटी सासूबाईंनी कागद हिसकला. आहे, म्हणाल्या.

आता पाचवा महिना आहे. इंजेक्शनं बंद झाली, मॅडमनी म्हटल्यावर. भीती काही गेली नाही, रोज उठल्यावर आधी तेच बघते, पुढे देवाच्या मनात असेल ते. तुमच्या ओळखीत कोणी असेल तर तिला सांगा बाई, आपल्या मनाने इंजेक्शन बंद करू नको. सासूबाई त्या दिवशी मला शिवून पुन्हा आंघोळीला गेल्या नाहीत. ती चटई त्यांनी माझ्या मशीनखाली अंथरली आहे, फरशी पायाला गार लागते म्हणून.