शनिवारच्या वाचनाचं पुस्तक

रामकिशन : म्हंजे ह्या पुस्तकात ज्वारी पाटलानंच पळवली व्हय? शेवटाला?

पद्मा : हळू, रामकिशनभाऊ. वाचनालय आहे हे.

रामकिशन : बाई, मला वाटलं किल्ला-बिल्ला असंल. कव्हरावर घोडा हाय!

पद्मा : किशनरावांनाही तसंच वाटलं. वाचनालयाचे अध्यक्ष ना! घोडा पाहिला अन् सही ठोकली. मी शिफारशीत लिहिलं होतं, 'दहा ते तेरा वयाच्या मुलांसाठी निजामाच्या काळातली उत्तम रहस्यकथा.' खोटं काय त्यात?

रामकिशन : खोटं न्हाई. पर काहून हेच?

पद्मा : यात लेव्हीच्या, म्हणजे सरकारी सक्तीच्या धान्याच्या कोठारातली ज्वारी जाते, राखणदार येसकरावर आळ घेऊन त्याला खांबाला बांधतात, अन् बारा वर्षांची पोरगी पोत्यांना लागलेली हळद पाहून खरा चोर हुडकते.

रामकिशन : बराबर आपल्या गावावानी.

पद्मा : आपल्या गावात ती पोरगी नव्हती, एवढाच फरक. किशनरावांचे वडील तेव्हा पाटील. त्यांनी माझ्या आजोबांना, जळबा येसकरांना, चोर ठरवून खांबाला बांधलं अन् मारत वेशीबाहेर काढलं. पोती निघाली पाटलांच्याच हळदीच्या खोलीत. सगळ्यांनी पाहिलं. तोंड कुणी उघडलं?

रामकिशन : निजाम जाऊन तीस वर्सं होत आली, बाई.

पद्मा : तीस वर्षं वाट पाहिली मग आमच्या घरानं. शनिवारी चावडीवर पोरांनी मोठ्यानं वाचायचं, अध्यक्षांनी खुर्चीत बसून शेवटपर्यंत ऐकायचं, हा नियम त्यांचाच. ऐकू द्या.

रामकिशन : अन् तुमचं लेकरू? गावच्याच शाळेत जातंय. उद्या काही केलं त्यायनं तर?

पद्मा : आठ दिवस झाले, शाळेतून यायला जरा उशीर झाला की वेशीपर्यंत पळते. तरी शिफारस मागं घेणार नाही.

रामकिशन : घेऊन बी उपेग न्हाई. किशनरावाच्या नातीनं सोमवारीच नेलं होतं पुस्तक. आज सकाळी आणून दिलं अन् इचारून राहिली, "काका, आपल्या गावात येसकर कोण होता? त्याच्यावर बी आळ आला होता का?" तवा कुठं मी उघडून बघितलं.

पद्मा : काय सांगितलंत तिला?

रामकिशन : भ्यालो बाई. म्हनलं, चार वाजता ये, पद्माबाई असत्यात, त्यायला इचार.

(पायरीवर चपला काढल्याचा आवाज.)

रामकिशन : आली बघा. जपून सांगा. दहा वर्साचं लेकरू हाय.

पद्मा : आजोबांना बांधलं तेव्हा माझी आई नऊ वर्षांची होती. तिला तिथून घरी न्या, असं कुणी म्हटलं नाही. ये गं बाळ, ये. अशी जवळ बस.