मुरकीचं शेंदरी कवच

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या खाणीचे मॅनेजर माननीय मधुकरराव, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती केशवराव, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या सौभाग्यवती शकुनबाई, कामगार बंधूंनो, भगिनींनो, आणि खिडकीत चढून बसलेल्या माझ्या विद्यार्थ्यांनो, आधी खाली उतरा.

मला दोन मिनिटं दिली आहेत. मास्तरणीला दोन मिनिटं देणं म्हणजे बैलाला तणसाची एकच काडी दाखवणं. तरी आटोपतं घेईन. फक्त तो लाऊडस्पीकर जरा सत्कारमूर्तींकडे वळवा. इंजिनवाल्यांचे कान त्यांच्या आधी रिटायर होतात, आणि आज त्यांचा एकही शब्द सुटायला नको.

मघापासून सगळे सांगत आहेत, केशवराव म्हणजे मुरकीचे ड्रायव्हर. हँडल ओढून ओढून त्यांचा अंगठा कसा वाकडा झाला, हेही सांगून झालं. पण नव्या पोरांनी मुरकीला धावताना पाहिलेलं नाही. मुरकी म्हणजे आपल्या खाणीचं जर्मन इंजिन. महायुद्धाच्या आधी वरठीच्या स्टेशनावर पेट्यांतून उतरलं, असं जुने लोक सांगतात. मागे कोळशा-पाण्याचा वेगळा डबा नाही. पाणी पोटाच्या दोन्ही बाजूंच्या टाक्यांत, कोळसा पाठीशी. आपली लाईन टेकडीला वळसे घालत उतरते, आणि लांब इंजिन असल्या वळणावर एक तर अडतं, नाही तर रूळ सोडतं. जर्मनांनी खास डोंगरी लाईनींसाठी त्यावर तोड काढली होती. पाच जोड्या चाकांपैकी पहिली आणि शेवटची जोडी त्यांनी मोकळी ठेवली. वळण आलं की त्या आपोआप बाजूला सरकायच्या, वळण संपलं की स्प्रिंगने जागेवर यायच्या. खालून पाहिलं तर इंजिन कंबर मुरडत उतरतंय असं वाटे. म्हणून मुरकी!

आमच्या केशवरावांना मात्र तिथे स्प्रिंग दिसली नाही, देवी दिसली. लोखंड आपोआप सरकतं म्हणजे अंगात देव असलाच पाहिजे! दर शनिवारी ते पुढच्या एक्सलला जवसाच्या तेलात कालवलेला शेंदूर फासायचे. कोणाच्या भक्तीला नावं ठेवू नयेत, मीही ठेवत नाही. मुरकी रोज धावायची तोवर शेंदूर झडून जायचा. पण पावसाळ्यात खाण बंद, मुरकी शेडमध्ये उभी, आणि मग भक्तीला नुसता ऊत यायचा. सांध्याच्या फटीत बोटांनी दाबून दाबून शेंदूर भरायचा. दसऱ्याला पहिली फेरी निघायच्या आधी फिटर भोजराज तो गुपचूप खरवडून काढत असे, केशवराव जेवायला गेले की. भोजराज, आता हसायला हरकत नाही.

चौऱ्याहत्तर सालच्या दसऱ्याला मात्र भोजराज तापाने फणफणून घरी पडला होता.

त्या वेळी मुरकीचा फायरमन कोण होता? मघाच्या चार भाषणांत त्याचं नाव आलं नाही, म्हणून विचारते. करडीचा टेकचंद. माझा नवरा. सकाळी तो केशवरावांना म्हणाला, "काका, पुढचा एक्सल जाम वाटून राहिला. खरवडू का जरासा?" केशवरावांनी उत्तर दिलं, "मायच्या अंगाले छन्नी लावतं का रे? काहून, डोकं फिरलं का तुह्यं?" हे मला टेकचंदनेच सांगितलं, हसत हसत, दारात उभ्या उभ्या. त्याचे नवरात्राचे नऊ दिवसांचे उपास होते. "फेरी करून येतो, मग पारणं फेडतो," म्हणाला. मी पुऱ्या तळायला घेतल्या.

तिसऱ्या वळणावर मुरकी मुरडली नाही. सरळ गेली. केशवरावांनी वेळेवर उडी मारली. उडीला चपळाई लागते, ती त्यांच्यात होती. टेकचंद टाकी आणि बॉयलरच्या मध्ये सापडला. वाफेने माणसाचं काय होतं ते जेवणाआधी सांगत नाही. मी त्याला पायातल्या कड्यावरून ओळखलं.

मग चौकशी झाली. कुठे झाली आठवतं? याच हॉलमध्ये. याच खुर्च्या. केशवराव उभे राहिले आणि म्हणाले, "टेकचंद पेला होता साहेब. मले वास येऊन राहिला होता. त्यानंच ब्रेक सोडला." दसऱ्याचा दिवस, फायरमन प्यालेला, सगळ्यांना पटलं. नऊ दिवस ज्यांच्या घरी तो उपाशी पोटी आरतीला आला, त्यांनाही पटलं. तुम्हीच होता ना इथे? माना खाली घालू नका, त्या दिवशी तर चांगल्या डोलत होत्या.

मी सांगितलं, एक्सल तपासा. मॅनेजर त्या वेळी दुसरे होते. ते म्हणाले, "बाई, दुःखात माणूस काहीही बोलतो." मुरकीला ओढून मागच्या सायडिंगवर टाकलं, तिच्यावर रानवेली चढल्या. दहा वर्षं मी या गावात दारूड्याची बायको म्हणून शिकवते आहे. फळ्याकडे वळले की मागून पोरं बाटली तोंडाला लावल्याची नक्कल करायची. शकुनबाई, तुम्ही तेरा दिवस माझ्या घरी भाकरी आणली. ते मी विसरले नाही. म्हणून सांगते, तुम्हाला बाहेर जायचं असेल तर जा.

केशवराव, तुम्ही उठू नका.

मागच्या महिन्यात भंगारवाल्यांनी मुरकी कापली. पुढचं चाक निघालं आणि सांध्यातून हे पडलं. भोजराज, आणा ती टोपली. मूर्तीवरचा शेंदराचा थर गळून पडला की आपण म्हणतो ना, देवाने कवच सोडलं? हे मुरकीचं कवच. नळाचा सांधा गळू नये म्हणून फिटर जे लावतात ते हेच, शेंदूर आणि जवसाचं तेल. वाळलं की दगड. पाहा, यात बोटं उमटली आहेत. अंगठा वाकडा आहे.

केशवराव, शेंदराने एक्सल अडेल हे तुम्हाला ठाऊक नव्हतं, मला मान्य आहे. तुम्हाला वाटलं, देवी कोपली. आणि देवीचं नाव कसं घ्यायचं, म्हणून टेकचंदचं घेतलंत. आज न बोलता तुम्हाला रिटायर होऊन आपल्या गावी, पवनीला, जाऊ दिलं असतं, तर नदीकाठी बसून सुखाने म्हातारे झाला असता. ते मला नको होतं. हे एकांतातही सांगता आलं असतं, पण टेकचंदला तुम्ही एकांतात दारूड्या केलं नव्हतं. शाल झाली, श्रीफळ झालं, आता ही माझी भेट. देव्हाऱ्यात ठेवा. जड आहे, दोन्ही हातांनी घ्या.

आयोजकांनी मला बोलावलं, आपण शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल सर्वांचे आभार. बोलण्याच्या ओघात काही कमी-जास्त झालं असेल, कोणाचं मन दुखावलं असेल, तर चुकले, मला माफ करा.

पाहिलंत केशवराव? एवढंच वाक्य असतं.

अध्यक्ष महाराज, घड्याळ नका पाहू. माईक त्यांच्यासमोर ठेवा. आम्ही बसलो आहोत.