वीस मिनिटांची घंटा

आजच्या समारंभाचे आणि आपल्या सेवा मंडळाचेही अध्यक्ष, ज्यांच्या दुकानातला रंग या गावातल्या निम्म्या भिंतींवर आहे. प्रमुख पाहुणे, पाणीपुरवठा खात्याचे मुख्य अभियंता साहेब. मंडळाचे आजी-माजी पदाधिकारी. आणि माझ्यासमोर बसलेल्या, दर गुरुवारी न चुकता येणाऱ्या आणि तितक्याच न चुकता डुलक्या घेणाऱ्या माझ्या बंधू-भगिनींनो,

पद्धतीप्रमाणे आणखी बावीस जणांचा उल्लेख करायला हवा. माझ्याकडे यादी आहे. पण आज मी ती वाचणार नाही, आणि का वाचणार नाही तेही सांगणार आहे. रागावू नका.

मानपत्रात माझं फार कौतुक झालं. बावीस वर्षं मी मंडळाची कार्यक्रम-चिटणीस होते. दर गुरुवारी एक पाहुणा वक्ता आणायचा, त्याला खुर्ची द्यायची, पाणी द्यायचं आणि वीस मिनिटांनी त्याला थांबवायचं, हे माझं काम. हजाराच्या वर वक्ते झाले म्हणतात. मधमाश्या पाळणारे आले, दातांचे डॉक्टर आले, एक निवृत्त न्यायाधीश आले, ते तर अजून बोलतच असते. पण मंडळाचा नियम पक्का. अठराव्या मिनिटाला घंटेचा एक ठोका, विसाव्याला दोन. आणि त्याच नियमाचा दुसरा भाग असा, की वीस मिनिटं होईपर्यंत वक्त्याला कुणीही मध्येच अडवायचं नाही. अध्यक्षांनीसुद्धा नाही. हा दुसरा भाग आज मला फार उपयोगी पडणार आहे.

घंटेचं काम माझ्याकडेच का आलं, ते जुन्या मंडळींना ठाऊक आहे. त्याआधी तीस वर्षं मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते. तेव्हा दुसऱ्या गावी फोन लावायचा तर आमच्यामार्फत लावावा लागे. तीन मिनिटं झाली की आम्ही मध्ये बोलायचो, "तीन मिनिटं झाली, वाढवायचं का?" कुणी रडत असे, कुणी आईला हाक मारत असे. आम्ही शांतपणे विचारायचो आणि तोडायचो. तो हात मी इथे घेऊन आले. तुम्ही त्याला शिस्त म्हणालात, मीही म्हणाले.

घड्याळात पाच चाळीस झालेत. आज बालवर्गाच्या मुलांचं स्वागतगीत झालं नाही, म्हणून काही जणांनी नाराजी दाखवली. मुलांना ठरल्याप्रमाणे मागच्या अंगणात, पाण्याच्या टाकीखालच्या सावलीत बसवलं होतं. बालवर्गाच्या बाईंना सांगून मी त्यांना रस्ता ओलांडून वाचनालयात नेलं आहे. मुलं ठीक आहेत, बिस्किटं खात आहेत. पालकांनी काळजी करू नये. म्हणजे, मुलांची करू नये.

तर वक्ते. दीड वर्षापूर्वीचा एक गुरुवार. 'गुलाबाची निगा' या विषयावर बोलणाऱ्या बाईंनी सकाळी कळवलं, घसा बसलाय, येत नाही. आता दुपारपर्यंत वक्ता आणायचा कुठून? मी मागच्या अंगणात उभी होते आणि टाकीनाना दिसले. तुम्ही सगळे त्यांना ओळखता. या टाकीवर पंप चालवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. निवृत्त झाले तरी रोज येऊन टाकीच्या खांबांना हात लावून बघायचे. आपण हसायचो, नानांची दुसरी बायको म्हणायचो. मी म्हटलं, "नाना, आज बोलता का आमच्याकडे?" त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, बरं झालं, म्हाताऱ्याला मान मिळाला. म्हणाले, "बाई, मी कधीपासून कुणीतरी विचारायची वाट बघतोय."

मी त्यांना भाषणाची पद्धत समजावली. आधी व्यासपीठावरच्या सगळ्यांची नावं घ्या, एकही सोडू नका, मग विषयावर या. नाना पडले सरळ माणूस. त्यांनी व्यासपीठ तर घेतलंच, भिंतीवर तसबिरी असलेले सगळे माजी अध्यक्षही घेतले, प्रत्येकाच्या मागे 'आदरणीय' लावून. त्यातच बारा मिनिटं गेली. मग पंपाची माहिती झाली, गाळाची झाली. अठराव्या मिनिटाला मी एक ठोका दिला. ते दचकले, त्यांनी कागद उलटला आणि म्हणाले, "आता ज्याच्यासाठी आलो ते सांगतो. खांबांवर मी काचेच्या पट्ट्या..." एवढ्यात त्यांना खोकल्याची उबळ आली. ते पाणी प्यायले. आणि मी दोन ठोके दिले.

नाना बसले. घंटा झाली की बसायचं, असं मीच त्यांना बजावलं होतं.

पुढचं तुम्हाला आठवत असेल, कारण तुम्ही टाळ्या वाजवल्यात. आभाराचं भाषण आपण आधीच लिहून ठेवतो. ते गुलाबाच्या बाईंसाठी लिहिलेलं होतं. तेच वाचलं गेलं. "आपल्या बोलण्याने आमच्या अंगणात सुगंध दरवळला." नानांनी हात जोडले. जाताना माझ्यापाशी येऊन म्हणाले, "बाई, एक वाक्य राहिलं." मी वही चाळली. पुढचे अकरा महिने वक्ते ठरलेले होते. मी म्हटलं, "पुढच्या वेळी नक्की, नाना." मला त्याची लाज वाटते. आज इथे, गळ्यात हार घालून, फार वाटते.

चार महिन्यांनी नानांना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली.

हां, तो पहिला ठोका. नव्या चिटणीसबाईंनी वाजवला. लवकर वाजवलात, पण हात चांगला आहे. अध्यक्षांनी खूण केलेली मी पाहिली. माझी वेळ अजून संपलेली नाही.

गेल्या रविवारी मी नानांच्या घरी गेले. स्मरणिकेत प्रत्येक वक्त्याचा विषय छापायचा होता आणि माझ्या वहीत नानांच्या नावापुढे 'गुलाबाची निगा' असं लिहिलेलं होतं. नाना खुर्चीत होते. त्यांची मुलगी शिवणकाम करते, ती मशीनवरून उठली आणि म्हणाली, "ओळखलं का हो बाबा यांना?" नानांनी माझ्याकडे पाहिलं. मग चांगल्या हाताच्या नखाने शेजारच्या पेल्यावर दोनदा टकटक केलं.

मुलीने तो कागद काढून दिला. तो हा. शेवटच्या परिच्छेदाखाली रेघ मारली आहे. आधी अर्थ सांगते. टाकीच्या खांबांना बारीक भेगा होत्या. भेग वाढते की आहे तशी थांबली आहे, हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून नानांनी भेगांवर आडव्या काचेच्या पट्ट्या चिकटवल्या आणि शेजारी तारीख लिहिली. काच तडकली तर समजायचं, भेग वाढते आहे. अशा सात पट्ट्या. निवृत्त झाले तरी ते रोज खांबांपाशी जायचे ते यासाठी.

आणि आपण काय केलं? गावाची शोभा वाढावी म्हणून टाकी रंगवली. खांबांसकट. वर मंडळाचं मोठं बोधचिन्ह काढलं. काचा रंगाखाली गेल्या, तारखा गेल्या. रंग उडू नये म्हणून दरवर्षी आणखी एक हात दिला. नाना ते थांबवा म्हणायला इथे आले होते. त्यांनी खात्यालाही अर्ज केला होता, त्याची प्रत मुलीकडे आहे.

सोमवारी मुलगी आणि मी मागच्या अंगणात गेलो. तिने भाजी चिरायची सुरी आणली होती. हात पोचेल तिथल्या चार पट्ट्यांवरचा रंग आम्ही खरवडला. चारही काचा तुटलेल्या आहेत. शेवटच्या भेगेत माझ्या हाताची करंगळी गेली.

मंगळवारी मी अध्यक्षांकडे गेले. ते म्हणाले, "ताई, तुम्ही नवा रंग खरवडलात?" मग म्हणाले, "समारंभ होऊ द्या, मग बघू." बुधवारी खात्यात गेले. साहेब दौऱ्यावर होते, टेबलावरचा कारकून म्हणाला, अर्ज द्या. दिला. गुरुवारी पुन्हा गेले, साहेब बैठकीत होते. आज साहेब आले ते थेट व्यासपीठावर, आणि त्यांच्याभोवती इतकी माणसं, की मला पोचताच आलं नाही. मग माझ्या लक्षात आलं, की या गावात मला कुणी अडवू शकणार नाही अशी वीस मिनिटं एकाच ठिकाणी आहेत.

दोन ठोके. ऐकले. पण आज मी बसणार नाही. अध्यक्षमहाराज, आपण बसा, मी विनंती करते.

आतल्या सफाईसाठी टाकी पंधरा दिवस रिकामी होती. आज सहा वाजता पंप सुरू होऊन ती काठोकाठ भरणार आहे. मी दुपारी पंपघरात गेले होते. तिथला पोरगेलासा ऑपरेटर नानांच्याच हाताखाली शिकलेला. म्हणाला, "बाई, मला पटतंय हो. पण साहेबांच्या तोंडून ऐकल्याशिवाय पंप बंद ठेवला तर उद्या मी घरी बसेन." त्याचं काय चुकलं?

आता नानांचं राहिलेलं वाक्य. ते असं आहे: "पट्टी तुटलेली दिसली तर टाकी अर्ध्याच्या वर भरू देऊ नका, आणि भरताना खाली कुणी थांबू नका." एवढंच. मी मनातल्या मनात वाचून वेळ मोजून पाहिला. अकरा सेकंद लागतात.

ही खिडकी बॅनरने झाकली आहे. त्याच्यामागे, वीस पावलांवर, तो खांब आहे. घाबरू नका. पाणी अर्ध्यावर यायला पाऊण तास लागतो, म्हणजे वेळ पुष्कळ आहे. पुढच्या दाराने, मागच्या ओळीपासून, एकेक ओळ उठा. म्हाताऱ्या माणसांना हात द्या. गाड्या मागच्या अंगणात आहेत, त्या राहू द्यात. जेवणाची पानं वाचनालयात मांडायला सांगितली आहेत.

आपण मला बावीस वर्षं सांभाळलंत, त्याबद्दल आभार मानते. आज पाहुण्यांना अवघडवलं, अध्यक्षांचं मन दुखवलं, वेळेचा नियम मोडला. ते सगळं आपण मोठ्या मनाने पोटात घाला. नानांची क्षमा मी उद्या त्यांच्या घरी जाऊन मागणार आहे. त्यांनी ती द्यावी असा माझा हट्ट नाही.

आणि एक शेवटचं काम. हा माझा मोबाइल. नंबर लावलाय, वाजतोय. सहाला दोन मिनिटं कमी आहेत. हॅलो, पंपघर? हां, मीच. हातातलं काम ठेव आणि फोन धरून ठेव, साहेबांना देते.

साहेब, पंपघर लाइनवर आहे. बोला.