सामाईक भिंतीची ओल

—विषय: रो-हाऊस क्रमांक सात व आठ यांच्या सामाईक भिंतीस आलेली ओल आणि तिचा उगम. संदर्भ: माझा दिनांक दोन नोव्हेंबर अठ्ठ्याण्णवचा अर्ज. असंच आहे न्हवं तुमच्या कागदावर? मीच लिहिलंय, पाठ आहे मला. बसा की प्रसेनजीतराव, सेक्रेटरीसाहेब, सोसायटीची चौकशी उभ्यानं होत नसते. त्या खुर्चीवर नको, ती भिंतीला लागून आहे, पाठ ओली होईल. ही बघा ती ओलीची जागा. परवापर्यंत भाकरीएवढी होती, आज जिल्ह्याचा नकाशा झालाय— हा वर पन्हाळा, अजून कोरडा, आणि हे खाली कोपऱ्यात शिरोळ, नेहमीप्रमाणं पाण्याखाली.

पलीकडं कोण राहतं ते तुम्हाला सांगायला नको. सयाजी. तुमचा आवडता. सगळ्यांचाच आवडता. माझ्या हाताखाली लागला ओ तो कचेरीत— आवक-जावकला— फाइलीला दोरा कसा बांधायचा ते मी शिकवलं, आणि खात्याची परीक्षा देऊन माझ्याच डोक्यावर हेडक्लार्क होऊन बसला. बसू दे. मला त्याचं काही वाटलं नाही. त्याच्या निरोपाला फेटा बांधला, माझ्या वेळी नुसता नारळ— तरी मला काही वाटलं नाही, मी विसरलोसुद्धा, गुलाबी होता फेटा. आता रिटायर झाल्यावर माणसानं काय करावं? वाचावं, रंकाळ्याला एक फेरी मारावी, पेपरातल्या चुका काढाव्यात. ह्यानं काय केलं, तर एक लोखंडी पेटी घेतली— पाने, वॉशर, पांढरी टेप— आणि गल्लीतले नळ दुरुस्त करत सुटला. फुकट! धोंडुबाईंचा नळ, बायडाबाईंचा नळ. बायकांचेच नळ का ओ गळतात? गड्यांचे गळत नाहीत व्हय?

मार्चमध्ये आमचा स्वयंपाकघरातला नळ ठिपकत होता. मी म्हणालो, बघतो. आणि मी बघतच होतो— नीट बघायला वेळ लागतो. तर आमच्या मंडळींनी, अंजनाबाईंनी, ह्याच भिंतीवर उलथनं आपटलं— 'भावजीऽ, जरा येताय काय?' आला. बाहेरचा कॉक बंद केला, नळ उघडला, वॉशर टाकलं, झालं. चहा गार व्हायच्या आत. 'भावजींच्या हाताला गुण हाय' म्हणाली ती. गुण? नळाला काय ताप आलता? आणि दुसऱ्या दिवशी कांद्याची धपाटी— ताटलीवर ताटली झाकून— चालली शेजारी. 'बायको गेल्यापास्नं एकटा माणूस हाय, कोण करून घालणार?' बरोबर आहे. माणुसकी आहे. वासाला माझी हरकत नाही. मलाही धपाटी आवडतात, त्याबद्दल मी गेल्या दिवाळीला तोंडी अर्ज दिलाय, अजून विचाराधीन आहे.

मला यातलं कळत नाही असं मात्र समजू नका. मी पुस्तक आणून वाचलं. त्यानं नुसती पेटी आणली, मी पुस्तक आणलं, हा फरक आहे आमच्यात. नळाच्या तोंडातून थेंब पडतोय— वॉशर गेलं. मुठीपाशी झिरपतंय— आतलं पॅकिंग. धार बारीक झाली— जाळीत कचरा, ती काढा, धुवा, बसवा. इथपर्यंत घरच्या माणसाचं काम. पण भिंत ओली दिसली, रंगाचे पोपडे सुटले, नळ बंद असताना पाणी वाहिल्याचा आवाज आला— तर घरच्यानं हात लावायचा नाही, सरळ प्लंबर बोलवायचा. आणि काहीही होवो, सगळ्यात आधी कॉक बंद करायचा. पहिल्याच पानावर आहे ते, ठळक.

—केला का बंद? हे बघा, मुद्द्याचं मुद्द्यानं घेऊ. मी आधी अर्ज केला. आता हयात टेबलामागं गेलेल्या माणसाचा हात पाणी दिसलं की कॉककडं जात नाही, कागदाकडं जातो. आणि अर्ज केल्यावर कॉकला हात लावणं म्हणजे पुराव्यात ढवळाढवळ. प्लंबर? बोलावला की! तो रामलिंग, सायकलवर येतो तो. दारात सायकल लावली, भिंतीवर हात फिरवला, आणि पहिला प्रश्न काय केला सांगा? 'सयाजीअण्णांना दावलं काय?' म्हणजे प्लंबरसुद्धा आता त्याला विचारून चालणार! मी म्हटलं, 'न्हाय दावलं, अन् दावणार बी न्हाय.' तर म्हणतो, 'मग फोडाय लागंल. जोड कुणाच्या लाइनीचा गेलाय ते आत कळंल.' मी त्याला परत पाठवला. चौकशीत असलेली भिंत फोडता येते काय? तुम्हीच सांगा.

कसला जोड? जोडाचं काही नाही ओ. न्हाणीघरातला नळ जरा हलत होता, मी तो आवळला, एवढंच. अंजना कोडोलीला भाच्याच्या लग्नाला गेलती. म्हटलं तिनं यावं, हातपाय धुवायला जावं, नळ सोडावा— आणि काहीतरी म्हणावं. फार नाही. 'व्हय, बसवला की चांगला' एवढं म्हणाली असती तरी चाललं असतं. पाना नवा आणला, सयाजीच्या पान्यापेक्षा हातभर मोठा. त्याला मागून पाइप जोडला, जोर यावा म्हणून. शेवटच्या वेढ्याला भिंतीत 'कट्' असं वाजलं. त्याच्या बाजूला. त्याच्याच बाजूला वाजलं, म्हणून तर अर्ज— अहो, लिहिताय काय? हे अर्जात नाही, हे आपलं बोलण्यातलं आहे, खोडा ते.

माझं मागणं एवढंच: चौकशी पूर्ण होईतो सदर भिंतीस कुणीही हात लावू नये, असा शेरा मारा. कुणीही म्हणजे लोखंडी पेटीवाल्यानंसुद्धा. ती सकाळी काय म्हणाली माहीत हाय? 'संध्याकाळपर्यंत तुमच्या सोसायटीचा कागद आला न्हाय, तर मी भावजींना हाक मारणार.' मी म्हटलं, प्रकरण चौकशीत आहे. तर म्हणते, 'चौकशीनं भिंत वाळती व्हय?' आता हिला काय सांगायचं! ऊन बघा अंगणातनं सरकलंसुद्धा. मारा शेरा. तो आला, त्यानं बघितलं, आणि तिच्या देखत नुसतं 'अरेरे' म्हणाला की संपलं माझं— पुढची सगळी वर्षं ह्या घरात ते 'अरेरे' ऐकत काढायची. मारा की ओ.

कुठं निघालात? मीटर? पाण्याचं मीटर कशाला आता, ओल आत आहे, मीटर बाहेर आहे. बरं, चला. माझे सगळे नळ बंद आहेत, बघून घ्या हवं तर. हे सात नंबरचं, माझं, ते आठचं. त्याचं बघा ना आधी. —थांबलंय? काटा नीट बघा, चष्मा देऊ? बरं, थांबलंय. माझं? फिरतंय तसं. हळू फिरतंय. पाइपात हवा असती, हवेनं बी मीटर फिरतंय, तुम्हाला म्हाईत न्हाय. हसू नका. कॉक ना? हा काय इथंच हाय, झाकणाखाली. तुम्हीच फिरवा. माझ्या हाताला गुण न्हाय.

—थांबलं व्हय?

थांबलं.

आता तुम्ही काही बोलू नका. मला दिसलंय ते. हा हसण्याचा आवाज कुठनं आला? आठ नंबरातनं. अंजना आहे ती. मला वाटलं आत निजलीय. दार उघडलं बघा, आली, हातात ताटली— आणि मागनं तो— पेटी न्हाय हातात? मग हा सायकलवाला कोण? रामलिंग? ये बाबा सयाजी, ये. काय म्हणालास? 'भाऊसाहेब, नळ आवळताना आतला एल्बो, वळणाचा जोड, फुटतोच, पहिल्यांदा माझा बी फुटलाता'? तुझा बी? आणि 'भिंतीतलं काम आपलं न्हवं, म्हणून रामलिंगला बोलावलं'? ऐकलंत सेक्रेटरीसाहेब? कुठं थांबायचं ते पण ह्यालाच कळतं. 'अरेरे' तरी म्हणायचं रे. ते पण न्हाय म्हणाला.

फोडा. रामलिंग, फोड भिंत, परवानगी हाय. अंजना, ताटलीत काय उरलंय काय गं? —न्हाय? रिकामी व्हय. बरं.

तुम्ही का थांबलाय, प्रसेनजीतराव? या आता, अंधार पडतोय. ओलीचं काय लिहायचं ते लिहा, एल्बो लिहा, मीटर लिहा, माझं नाव लिहा खुशाल. धपाट्यांचा अर्ज तेवढा प्रलंबित आहे.