बोट म्हंजे मीटर

आमचं मूळ मेंढरामागचं. बाप मेंढरं घेऊन फिरायचा, मी तिसरीतच शाळा सोडली, पण काय सांगू तुमाला, मेंढरात मन रमलं न्हाई, ओतूरला एका रेडिओवाल्याच्या दुकानात झाडू मारता मारता बघून बघून शिकलो आन मग स्टँडमागं सोताची टपरी टाकली. रेडिओ झाले, टीव्ही झाले, आता मोटरीचे स्टार्टर आन झटका मशीन येत्यात. झटका मशीन म्हंजे मेंढरांच्या वाड्याभवती तार लावायची, बिबट्यानं तोंड घातलं की झटका. आमच्याकडं बिबट्या लई, ह्या मशीनबिगर मेंढरू ऱ्हायचं न्हाई.

माझी रीत एकच. मशीनच्या आतला बोर्ड शॉर्ट असला की बॅटरी लावायची आन पार्टांवरनं बोट फिरवायचं, जो पार्ट तापला तो चोर. पार्ट तपासायचा मीटर व्हता, पण खुंटीला टांगलेला. लोकं म्हणायची, अण्णांचं बोट म्हंजे मीटर. मला त्याची लई ऐट.

तर हिरा, माझी धाकटी बहीण, आंबेगावकडं दिलेली, तिची मेंढरं हायेत अजून, ती सुनंला संगं घेऊन बंद पडलेलं झटका मशीन दाखवाया आली. सून आयटीआय शिकलेली. मी बॅटरी लावली, बोट फिरवलं, एकदा, दोनदा, तीनदा, कुठंच काय तापंना. सून म्हणाली, मामा, मीटर लावून बघू का. मी म्हणलो, पोरी, तू जन्मायच्या आधीपासनं मी बोर्ड उघडतोय, तुझं शाळंतलं शाळंत ठेव. हिरा हसली, म्हणाली, अगं दादाला कुठं मीटर दावतीस. मग मी ठोकून दिलं, ह्यात पाणी गेलंय, तुमीच उघड्यावर ठेवलं असंल, बोर्ड मेला, आता नवंच घ्या.

घरी गेल्यावर सुनंनं परत इचारलं, तर हिरानं बोर्डाला हात लावू दिला न्हाई. दादानं मेला म्हणलं म्हंजे मेला. नवं यायच्या आत, तिसऱ्या दिवशी, बिबट्या वाड्यात शिरला. चार मेंढरं गेली, त्यात दोन गाभण. मग सुनंनं कुणाला न इचारता मीटर लावला, तर मसुराएवढा एक कंडेन्सर शॉर्ट निघाला. तेवढा बदलला आन मशीन टकटक कराया लागलं.

हिरा सांगायला आली. भांडली न्हाई वो. भांडली असती तर बरं व्हतं. मी चहा पुढं केला तर तिनं माझा हातच धरला, म्हणाली, दादा, बोट भाजलंय की तुझं. बघतो तर शेंड्याला फोड, वाळत आलेला. म्हंजे चोर बोटाखालीच घावला व्हता, कातडं जळलं तरी मला कळलं न्हाई. शुगरनं बोटं बधिर झाल्याली, डॉक्टरनं सांगितलं व्हतं, मीच ऐकलं नव्हतं.

आन एवढं होऊनबी मी काय म्हणलो, सोल्डरिंगचा चटका हाय. ती म्हणाली बरं, हळद लाव.

आता मीटरबिगर बोर्ड उघडत न्हाई. गिऱ्हाइकाला सांगतो बोटाला कळत न्हाई म्हणून, आज तुमाला सांगितलं, पण हिरासमोर तोंड उघडत न्हाई. ती मातर बाजारला आली की काय बिघडलेलं असंल ते माझ्याकडंच टाकून जाती. देव तिची मेंढरं राखो, माझ्या भरवशावर नको.