ड्राय वाईन आणि आईचे बोंबील

अगं, माझं लग्न अडलं होतं ते मासळीवरून! आम्ही वरळी कोळीवाड्यातले, मुलगा नाशिकचा, घरची द्राक्षबाग. "तिकडं माझी पोर खाईल काय?" हे आईचं एकच टुमणं.

बोलणी करायला होणारे सासरे आले ते बाटली घेऊनच. "घरी केलेली व्हाईट वाईन आहे. सेंद्रिय द्राक्षांची, आणि एकदम ड्राय!"

वाईनच्या भाषेत ड्राय म्हणजे गोड नसलेली, पण आईने जन्मभर बोंबील सुकवलेत. तिने बाटली कानाशी धरून हलवली. "ड्राय म्हंजे सुकी ना? ही तर वलीच हाय!"

सासऱ्यांचा चेहरा पडला. मला वाटलं, झालं, फिसकटलं.

आई आत गेली आणि सुक्या बोंबलांची पिशवी आणून तिने त्यांच्या हातात ठेवली. "घ्या व्याहीबुवा, ह्याला म्हन्तात ड्राय!"